तळ्याकाठची निर्जळी

"वहिनी, अहो, हात गोठतील ना!"

शालनवहिनींनी मान वर केली नाही. विशनसर तळ्याच्या काठाला उकिडव्या बसून त्या दोन्ही हातांनी ओली वाळू थापत होत्या. सकाळचे सहा वाजले असतील. समोरच्या कड्यावर ऊन आलं होतं, पण तळं अजून सावलीत होतं. आदल्या संध्याकाळी मी त्यात पाय बुडवला होता आणि तीन आकडे मोजायच्या आत बाहेर काढला होता. डोक्याला लोकरी टोपी, अंगात माझ्या नवऱ्याचं जुनं जर्किन, पायात जाड सोलचे बूट, अशा अवतारात माझी थोरली जाऊ वाळूची पिंड करत होती.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "आज हरताळका?"

"होय की. तू गणिताची बाई. तारखा तुला कळायला नकोत?"

त्यांनी पिंडीवर कुरणातली पिवळी-जांभळी फुलं वाहिली. सोळा प्रकारची पत्री इथं कुठून आणणार, गवताला जे फूल येतं तेच देवाला चालवून घ्यावं लागेल, असं त्या पिंडीलाच सांगत होत्या. मी शेजारी उभी राहिले. थंडीनं दात वाजत होते, आणि एक प्रश्न विचारायचा धीर होत नव्हता.

"आज चहा तरी घेणार ना?" शेवटी मी विचारलंच.

"नाही."

"फळ?"

"मंदा, तुला माहितीये. पाणीसुद्धा नाही. दरवर्षीचंच आहे हे."

"दरवर्षी तुम्ही घरी असता. आज आपल्याला घाट चढायचाय. तेरा हजार फुटांच्या वर. नझीरभाई रोज कानीकपाळी ओरडतात, चार लिटर पाणी प्या म्हणून."

"त्यांना सांगू नकोस," वहिनी म्हणाल्या आणि हात जर्किनला पुसून उठल्या.

आणि मी आमच्या वाटाड्याला सांगितलं नाही. आमच्या घरात गप्प बसायची सवय सगळ्यांनाच आहे, आणि मी त्यातली पटाईत.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते, कराडला शाळेत गणित शिकवत होते. आम्ही शिक्षक-शिक्षिका मिळून आठ जण काश्मीरच्या तळ्यांच्या ट्रेकला निघालो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मला घेऊन चल." तेव्हा त्यांना बावन्न वर्षं होती. रोज पहाटे आगाशिवचा डोंगर चढून यायच्या, त्यामुळं पायांची काळजी नव्हती. आमचा गणपती भावकीत पाळीनं फिरतो. त्या वर्षी तो ठाण्याच्या चुलत दिरांकडं होता, त्यामुळं घरचीही अडचण नव्हती. नाहीतर भाद्रपदात दोन सुना एकदम बाहेर पडल्या असत्या तर सासूबाईंनी अंगण डोक्यावर घेतलं असतं. मला आठवतंय तसं, वीस वर्षांत वहिनींनी स्वतःसाठी मागितलेली ती पहिली गोष्ट.

नाश्त्याला सगळ्यांनी लापशी खाल्ली. वहिनींनी थाळी हातात घेतली, दोन मिनिटं तशीच धरली आणि तंबूमागं जाऊन कुत्र्याला घातली. मेंढपाळांची केसाळ कुत्री असतात तिथं, ती या कामाला तयारच होती. मग आम्ही निघालो.

पहिला तास गवतातून होता. काय गवत होतं ते! घोट्याइतकं, मऊ, मध्ये मध्ये झरे, आणि फुलं इतकी की कुठं पाय ठेवावा असं व्हायचं. बकरवाल मेंढपाळांच्या मेंढ्या लांब चढावर पसरल्या होत्या. वहिनी पुढं चालत होत्या, सावकाश, एका चालीनं. झरा आला की बाकीचे वाकून बाटल्या भरायचे आणि वहिनी नुसत्या बघत उभ्या राहायच्या. एका झऱ्यात त्यांनी हात बुडवला आणि ओला हात कपाळावर फिरवला. मी मागून म्हणाले, "पार्वतीनं एवढं तप केलं, पण तिच्या पाठीवर सॅक नव्हती."

"ती याच डोंगरातली. हिमालयाची लेक."

"तुम्ही मसूरच्या. मसूरला एवढीशी टेकडीही नाही."

त्या हसल्या. ओठ आत्ताच सुकले होते.

किशनसर, दुसरं तळं, आम्ही नऊच्या सुमारास ओलांडलं आणि चढ लागला. खडी पायवाट, नागमोडी, वर घाटमाथ्यापर्यंत सरळ दिसणारी. दिसत असलेला चढ संपत नाही, हा माझा अनुभव. बाकीचे सात जण पुढं गेले. आमच्याबरोबर फक्त नझीरभाई राहिले. वाटाड्या माणूस, पन्नाशीचा, कमी बोलणारा. ते नेहमी सगळ्यात मागं चालायचे.

अर्ध्या चढावर एक सपाट जागा आहे. तिथं पोचलो आणि वहिनी एका दगडावर बसल्या, म्हणजे बसल्या कसल्या, पाय गेले त्यांचे. चेहरा पांढराफटक. "डोकं ठणकतंय जरा," म्हणाल्या आणि बाजूला वळून कोरड्या उलट्या काढू लागल्या. पोटात काही नव्हतंच, येणार काय? मी पाठ धरून बसले. माझ्या हाताखाली त्यांचं काळीज धाडधाड उडताना लागत होतं.

नझीरभाईंनी एकदा त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, एकदा त्यांच्या बाटलीत. बाटली गच्च भरलेली होती.

"दीदी ने सुबह से पानी नहीं पिया?"

मग मला सांगावं लागलं. उपास म्हणजे काय, कशासाठी. ते ऐकत होते, मान हलवत होते.

"रोज़ा हम भी रखते हैं," ते म्हणाले. "लेकिन सफ़र में छूट है। बीमार को छूट है।"

"आमच्यातपण आहे," वहिनी डोळे मिटूनच म्हणाल्या. "मीच घेत नाही."

नझीरभाई उठले. चिडले नाहीत, पण आवाज बदलला. घाट ओलांडला की पलीकडं दोन दिवस ना रस्ता ना डॉक्टर. या अवस्थेत ते वर नेणार नाहीत. खाली न्यायचं तर घोडं बोलवावं लागेल, आणि घोड्यावर बसून राहायलाही अंगात पाणी लागतं. "बीस मिनट," ते म्हणाले. "आप समझाओ." आणि थोडं वर जाऊन, पाठ करून बसले.

खाली दोन्ही तळी दिसत होती. एक हिरवं, एक निळं. पाण्यानं भरलेला सगळा मुलूख, आणि माझी जाऊ पाण्यावाचून माझ्या मांडीवर डोकं टेकून पडलेली.

मी आधी गोड बोलले. मग रागावले. मग देवाची भाषा केली, की एवढ्या लांब आणून देव तुम्हाला मारणार आहे का? त्या एकच म्हणत राहिल्या, "उद्या सकाळी दहीभात खाईन की गं. एक दिवसाचा तर प्रश्न." एक दिवस त्या काढतील असं मला वाटेना. त्यांच्या बोलण्यात आता शब्द अडखळत होते.

ज्या माणसासाठी हे सगळं चाललं होतं, तो माणूस म्हणजे माझे थोरले दीर, विश्वनाथभावजी. ट्रेकच्या अकरा वर्षं आधी ते एका बियाण्यांच्या कंपनीच्या कामाला रायपूरला गेले. आधी पत्रं यायची, मग फोन, मग काहीच येईना. चौकशा झाल्या, ज्योतिषी झाले. घरात अजून असं बोललं जायचं की भावजी 'बेपत्ता' आहेत. वहिनींच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळावर कुंकू होतं आणि दर हरताळकेला त्या त्यांच्या आयुष्यासाठी निर्जळी उपास करायच्या.

पण भावजी बेपत्ता नव्हते. ट्रेकच्या सहा वर्षं आधी माझा नवरा सुधाकर रायपूरला जाऊन त्यांना शोधून आला होता. त्यांचं तिथं घर होतं, त्या घरात एक बाई होती आणि चार-पाच वर्षांची एक मुलगी होती. सुधाकरनं हे घरी येऊन सासूबाईंना आणि मला सांगितलं. सासूबाई तासभर देवघरात बसल्या. बाहेर आल्या त्या माझ्या लेकाला, आठ वर्षांच्या ऋत्विजला, हाताला धरूनच. "याच्या डोक्यावर हात ठेव," त्या मला म्हणाल्या. "शालनला यातलं अक्षर कळणार नाही म्हण. कळलं तर ती जगायची नाही." आणि मी हात ठेवला. पोरगं वर बघून हसत होतं. त्याला वाटलं, खेळच चाललाय.

शपथांवर माझा विश्वास नाही. वर्गात मी पोरांना सांगते, सिद्ध करून दाखवा, मगच माना. पण ते केस, ते कोवळं डोकं तळहाताला लागलेलं होतं, आणि सहा वर्षं मी तोंड उघडलं नव्हतं. मी उपास करत नाही, सासूबाईंचे वयानं सुटले होते; दर हरताळकेला वहिनी दुपारी आम्हाला वाढायच्या. ओठांना पाणी न लावता, हसतमुखानं. आमच्या तिघांच्या गळ्याखाली घास उतरायचा नाही. मला स्वतःची किळस यायची, आणि तरी संध्याकाळी मी नेहमीसारखी कांदे चिरायला बसायची.

"दस मिनट," वरून नझीरभाई म्हणाले.

वहिनींचं डोकं माझ्या मांडीवर जड झालं होतं. मी ऋत्विजचा चेहरा डोळ्यांपुढून घालवायचा प्रयत्न केला. गेला नाही. तो समोर असतानाच मी बोलले.

"वहिनी, ऐका. भावजी आहेत. रायपूरला आहेत, धडधाकट आहेत. त्यांनी दुसरं घर केलंय. बाई आहे, मुलगी आहे. सुधाकर स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलाय. सहा वर्षं झाली. तुम्ही कुणासाठी जीव देताय वहिनी? तो माणूस मजेत आहे हो!"

शेवटचं वाक्य मी ओरडलेच बहुतेक, कारण नझीरभाईंनी वळून पाहिलं.

 वहिनी हळूहळू उठून बसल्या, दगडाला टेकल्या. खाली तळ्यांकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता या कोसळणार, सासूबाई म्हणाल्या तेच खरं होणार, आणि ते माझ्या हातून.

"मुलगी केवढी असेल आता?" त्यांनी विचारलं.

"दहा-अकराची."

"पाणी दे."

मी बाटली उघडून दिली. घाईत अर्धं पाणी त्यांच्या जर्किनवर सांडलं. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात धरला, गिळला. मग दुसरा. सावकाश, घाई न करता त्या प्यायल्या, आणि मी रडायला लागले. साखर-मिठाची पुडी माझ्या सॅकमध्ये होती, तीही घातली. चौथ्या-पाचव्या घोटानंतर त्यांनी बाटली खाली ठेवली.

"मला ठाऊक होतं, मंदा."

"कधीपासून?" मी विचारलं.

"सुधाकरभावजी परत आले ना, त्यानंतर पंधरा दिवसांनी पत्र आलं. त्यांचंच. रायपूरहून. पोस्टमननं माझ्याच हातात दिलं. 'सुधाकर येऊन गेला, त्यानं तुला सगळं सांगितलंच असेल, जमलं तर क्षमा कर,' असं लिहिलं होतं." त्यांनी दम घेतला. "मी म्हटलं, सांगितलं तर नाही अजून. सांगतील. आज सांगतील, उद्या सांगतील. आई मोठ्या आहेत, त्या सांगतील. नाहीतर मंदा सांगेल. मंदा माझी आहे."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मग तुम्ही विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता. त्यात काय? विचारल्यावर कुणीही हो म्हणतं." त्यांनी पुन्हा एक घोट घेतला. "आधीची पाच वर्षं उपास त्यांच्यासाठी केला, ते खोटं नाही सांगत. पत्र आल्यावर मात्र तुमच्यासाठी. मी पाण्याला शिवायची नाही आणि तुम्ही तिघं ताटात चिवडत बसायचा. मी वाढत वाढत बघायची. बरं वाटायचं गं मला. वर्षात तेवढा एक दिवस बरं वाटायचं."

हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं, जणू लोणच्यात मीठ किती घालायचं ते सांगताहेत. मला राग यायला हवा होता का? आला नाही. उलट सहा वर्षांत पहिल्यांदा माझा श्वास छातीत नीट भरला, तेसुद्धा हवा विरळ असलेल्या त्या जागी.

"आणि आज? इथं तर मी एकटीच होते."

"एकटीच होतीस म्हणून तर. म्हटलं, इथं सासू नाही, नवरा नाही. इथं तरी बोलते का बघू." मग त्यांनी माझ्याकडं सरळ पाहिलं. "पण एवढी घाबरलीस कशाला बोलायला? मी काय खाणार होते तुला?"

"शपथ होती."

"कशाची?"

मला सांगायचं नव्हतं. पण त्या दिवशी तोंड उघडलंच होतं. "आईंनी ऋत्विजच्या डोक्यावर हात ठेवायला लावला होता."

वहिनींचा चेहरा बदलला. नवऱ्याचं ऐकताना जो बदलला नव्हता तो आता बदलला. पांढऱ्या गालांवर रक्त चढलं.

"त्या पोराच्या डोक्यावर? माझ्या नवऱ्याच्या उद्योगापायी? आणि तू ठेवलास हात?" त्या उठायलाच गेल्या, मी धरून बसवलं. "दर रविवारी त्या डोक्याला तेल मी लावते, मंदा! तापात पट्ट्या मी ठेवल्यात! मला आधी कळलं असतं ना, तर त्याच दिवशी पत्र काढून तुमच्या तोंडावर मारलं असतं. सहा वर्षं ते लेकरू तसं शपथेखाली फिरतंय, आणि मी इकडं मजा बघत बसलेय!"

त्या रडल्या त्या तेव्हा. खूप रडल्या. मी त्यांना जवळ घेतलं. माझ्या लग्नानंतरच्या वीस वर्षांत आम्ही दोघींनी एकमेकींना असं कधी धरलं नव्हतं. सणावारी वाकून नमस्कार तेवढे केले होते.

थोड्या वेळानं त्यांनी टोपीनंच नाक पुसलं. "आणि ती शपथ तू मोडलीस."

"हो."

"माझ्यासाठी."

"हो."

"त्याला काही होणार नाही," वहिनी ठामपणे म्हणाल्या. "मी आहे ना." आणि बाटली माझ्यापुढं केली. "पी तूपण. ओठ बघ तुझे."

नझीरभाई खाली आले. बाटली रिकामी दिसली तसे हसले. "रोज़ा टूट गया, दीदी?"

"सुटला," वहिनी म्हणाल्या.

नझीरभाईंनी आणखी अर्धा तास आम्हाला तिथं बसवलं, खजूर खायला घातले, वहिनींचे डोळे पुन्हा तपासले, त्यांना दहा पावलं सरळ चालून दाखवायला लावलं. मग स्वतः त्यांची सॅक पुढून अडकवली आणि आम्हाला वर नेलं, दर वीस पावलांना थांबत. घाटमाथ्यावर पोचायला दुपार झाली. पलीकडं उतार होता आणि उतारभर कुरण. इतकी फुलं मी आयुष्यात एका जागी पाहिली नाहीत. वहिनी मधोमध चालत होत्या, हात दोन्हीकडं सोडून, फुलांची टोकं बोटांना लागू देत. चारच्या सुमारास गडसरचं तळं आलं. त्यात अजून बर्फाचे तुकडे तरंगत होते. काठावर बसून त्यांनी माझ्या डब्यातली दशमी खाल्ली, मेतकूट लावून, आणि वर म्हणाल्या, "दशमीत मोहन कमी पडलंय."

मग म्हणाल्या, "घरी गेल्यावर काही बोलायचं नाही."

"म्हणजे? आता कसलं लपवायचं?"

"लपवायचं नाही. तू तुझं सांगितलंस, तुझं झालं. आता त्यांचं त्यांनी सांगायचं."

तीन दिवसांनी खाली नारानागला फोनला रेंज आली. मी पहिला फोन घरी केला. "ऋत्विज कसा आहे?" मी विचारलं. "त्याला काय धाड भरलीय? मॅच बघतोय," सुधाकर म्हणाला. मी वहिनींकडं बघितलं. त्यांनी फक्त मान हलवली, मी म्हटलं होतं ना, अशी.

पुढच्या वर्षी हरताळकेला घर उठायच्या आत आम्ही दोघींनी मागच्या पडवीत चहा घेतला. चांगला कपभर, आलं घालून. मग वहिनींनी तोंड पुसलं, वाळूची पिंड मांडली, पूजा केली आणि दुपारी रिकाम्या तोंडानं सगळ्यांना वाढायला उभ्या राहिल्या. सासूबाईंनी भात चिवडला. सुधाकर अर्ध्या पानावरून उठला. मी पोटभर जेवले. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच झालं.

तिसऱ्या वर्षी सासूबाईंनी ताट बाजूला सरकवलं. त्या तोपर्यंत खूप थकल्या होत्या. "शालन," त्या म्हणाल्या, "वाढणं राहू दे. इथं बस." वहिनींनी भाताचं भांडं खाली ठेवलं आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसल्या. सुधाकर खाली मान घालून होता. सासूबाईंनी वहिनींचा हात हातात घेतला. त्यांचे ओठ हलत होते, पण शब्द फुटत नव्हता. मला राहवेना, मी पुढं होऊन बोलणार तोच वहिनींनी नजरेनं मला थांबवलं.

"सावकाश सांगा, आई," त्या म्हणाल्या. "मला घाई नाही."